मॅकवर नकाशांची साधने सोर्समधून: प्रोज, जिऑस, जीडॅल आणि ग्रास बांधणे व अपग्रेड करणे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मॅकवर नकाशांचे काम करणाऱ्या बहुतेकांचे क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रामच्या तयार इन्स्टॉलरवर भागते. भागत असेल तर तेच वापरावे. उसाच्या प्लॉटची हद्द आखायला, जुना गावनकाशा स्कॅन करून जागेवर बसवायला किंवा पाण्याच्या टाक्या दाखवायला काहीच कंपाइल करावे (कोडपासून बांधावे) लागत नाही. सोर्सकडे, म्हणजे मूळ कोडकडे, वळण्याची कारणे मोजकी आहेत. शेकडो फायली स्क्रिप्टने एकाच ठरलेल्या आवृत्तीवर चालवायच्या असतात, नकाशांच्या फायली हाताळणाऱ्या जीडॅलच्या नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेली चूक आपल्याच कामात आडवी येत असते, ग्रास आणि पायथन एकत्र हवे असतात, किंवा मॅक इतका जुना असतो की त्यासाठी तयार पॅकेज आता निघतच नाही.

खुद्द क्यूजीआयएस सोर्समधून बांधण्याच्या मागे शक्यतो लागू नये. त्याला क्यूटी, पायक्यूटी, क्यूसीए, क्यूटीकीचेन, प्रोटोबफ अशी लांबलचक यादी लागते आणि त्यातले एक जरी जुळले नाही तरी दिवस जातो. त्यातही आवृत्ती ३ क्यूटी ५ वर उभी आहे आणि ४ क्यूटी ६ वर. इन्स्टॉलरचे क्यूजीआयएस आपल्या लायब्ररी (प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे भाग) स्वतःच्या पोटातच ठेवते, त्यामुळे ते शेजारी निर्धास्त राहू शकते. इथे बांधायच्या आहेत त्या चार पायऱ्या: प्रोज, जिऑस, जीडॅल, ग्रास.

हा क्रम उलटवता येत नाही. प्रोज अक्षांश-रेखांशाचे मीटरमध्ये रूपांतर करते, जिऑस आकारांची भूमिती सांभाळते, जीडॅल या दोन्हींवर उभी राहून फायली वाचते-लिहिते आणि भूभागाचे विश्लेषण करणारे ग्रास त्या तिन्हींवर बसते. मॅकवरचे बहुतेक बिघाड एकाच कारणाने होतात: वरची पायरी एका प्रोजवर बांधलेली असते आणि चालताना तिला भलतीच प्रोज सापडते. पुढची सगळी खबरदारी त्यासाठीच आहे.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. लेखातल्या कमांड आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. सीमेकचे (बांधणीची आखणी करणारे साधन) पर्याय मोठ्या अक्षरांत असतात आणि त्यांच्या आधी डॅश आणि मोठा डी जोडलेला असतो. बाकी कमांड लहान अक्षरांत, पण सीमेकच्या -एस, -बी, -जी आणि ओटूलच्या -एल मधली अक्षरे, तसेच प्रोज_लिब यांसारख्या सेटिंगची नावे मोठ्या अक्षरांत, आणि निंजाचे पहिले अक्षर मोठे.

मॅकची तयारी

पूर्ण एक्सकोड लागत नाही. 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' दिले की कमांड लाइन टूल्स येतात आणि क्लँग कंपाइलर मिळतो. डिस्कवर १५ ते २० जीबी जागा मोकळी ठेवा. डाउनलोडला तेवढी लागत नाही, पण बिल्डचे फोल्डर फुगते आणि अपग्रेडच्या वेळी जुनी-नवी दोन्ही आवृत्ती शेजारी ठेवायची असते.

त्यानंतर 'युनेम -एम' चालवून पाहा. एम-१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर उत्तर 'आर्म६४' यायला हवे. 'एक्स८६_६४' आले तर टर्मिनल रोझेटामधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून, उघडले आहे. फाइंडरमध्ये टर्मिनलवर गेट इन्फो उघडून रोझेटाची खूण काढा. हे राहून गेले तर कंपाइल नीट होते, पण शेवटी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) 'ही फाइल आर्म६४ साठी बांधली आहे, दुर्लक्ष करतो' असे सांगतो आणि मागून अनडिफाइंड सिम्बॉल्सची रांग लागते. नवीन माणूस मग ते सिम्बॉल शोधत बसतो, खरी चूक दोन ओळी वर असते.

मदतीच्या लायब्ररी आणून बसवण्यासाठी होमब्रू हे साधन घ्या किंवा मॅकपोर्ट्स, दोन्ही एकत्र नको. आर्म मॅकवर होमब्रू ऑप्ट-होमब्रू फोल्डरमध्ये राहते, इंटेलवर युझर-लोकलमध्ये, तर मॅकपोर्ट्स ऑप्ट-लोकलमध्ये. होमब्रूमधून सीमेक, निंजा, पीकेजी-कॉन्फिग, एसक्यूलाइट, लिबटिफ, ओपनजेपेग, एक्स्पॅट, स्विग आणि पायथन घ्या. ग्रास बांधायचे असेल तर बायसन, फ्लेक्स, गेटटेक्स्ट, कैरो, फ्रीटाइप, एफएफटीडब्ल्यू आणि डब्ल्यूएक्सपायथनही. मॅकसोबत येणारा बायसन २.३ आहे, फार जुना. होमब्रूचा नवा बायसन आपोआप पुढे येत नाही, त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये (शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) आधी लिहावा लागतो. एसक्यूलाइटचेही तसेच.

होमब्रूमधून प्रोज, जिऑस, जीडॅल मात्र घेऊ नका. आधीच असतील आणि दुसरे काही त्यांच्यावर अवलंबून नसेल तर काढून टाका. काढता येत नसतील तर पुढचे सगळे पर्याय अक्षरशः पाळा.

आता झेड-शेलची सेटिंग फाइल उघडा, म्हणजे होम फोल्डरातली डॉट-झेडशआरसी. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचा नेहमीचा शेल तोच आहे. त्यात प्रोज_लिब, प्रोज_डेटा, जीडॅल_डेटा, डीवायएलडी_लायब्ररी_पाथ अशा नावांच्या ओळी असतील तर त्या पुसा. कुणाच्या तरी जुन्या सल्ल्यावरून टाकलेली अशी एक ओळ पुढे आठवडाभर त्रास देते.

फोल्डरचे नाव रोमनमध्ये, स्पेस न देता ठेवा. 'माझे नकाशे' किंवा 'बेळगाव डेटा' या नावाच्या फोल्डरात ग्रासची मेक फाइल स्पेसवर अडखळते. होम फोल्डरात जीआयएस नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक बांधणीसाठी महिन्याच्या नावाचा वेगळा, जसे २५०६ म्हणजे २०२५ चा जून. हा आपला प्रीफिक्स. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे) कुठेही लागत नाही आणि लागू देऊही नये.

सोर्स शक्यतो प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) घ्या. खानापूर-जांबोटीकडे मोबाइल हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर पूर्ण गिट क्लोन (सगळ्या इतिहासासह सोर्सची प्रत) परवडत नाही. गिटच हवे असेल तर 'डेप्थ १' द्या. डाउनलोड मध्येच तुटलेला टारबॉल कधी कधी उघडतो आणि कंपाइल होताना कुठेतरी अडतो. म्हणून 'शासम' किंवा 'एमडी५' ने आकडा काढून सोबत दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा.

प्रोज

प्रोज ९.० पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, जुनी कॉन्फिगर-मेक पद्धत बंद झाली आणि फक्त सीमेक राहिला. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी-हिंदी व्हिडिओंमध्ये 'डॉट स्लॅश कॉन्फिगर' दिसले की तो व्हिडिओ बंद करा.

सोर्स फोल्डरात जाऊन 'सीमेक -एस . -बी बिल्ड -जी निंजा' आणि सोबत पाच पर्याय द्यायचे. सीमेक_बिल्ड_टाइप रिलीज. सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स म्हणजे आपला २५०६ फोल्डर. सीमेक_प्रीफिक्स_पाथ मध्ये आधी तोच फोल्डर, मग होमब्रूच्या एसक्यूलाइटचा. सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ म्हणजे २५०६ मधला लिब फोल्डर. बिल्ड_टेस्टिंग ऑफ, कारण चाचण्या चालू ठेवल्या आणि गूगलटेस्ट मॅकवर नसेल तर सीमेक ती नेटवरून आणायला जातो.

आरपाथवर थोडे थांबतो. लायब्ररी कुठे शोधायची हे बायनरीतच, म्हणजे बांधून झालेल्या प्रोग्राममध्येच, लिहून ठेवायची ती जागा. बरेच जण त्याऐवजी डीवायएलडी_लायब्ररी_पाथ वापरतात. २०१५ च्या एल कॅपिटनपासून मॅकची सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन ही सोय संरक्षित प्रोग्रामांसाठी गाळून टाकते. शेल स्क्रिप्टमधून किंवा 'एन्व्ह' मधून चालवलेल्या जीडॅलला ती दिसतच नाही. टर्मिनलमध्ये चालते आणि स्क्रिप्टमध्ये चालत नाही, हे कोडे बहुतेक इथेच सुटते.

मग 'सीमेक --बिल्ड बिल्ड' आणि 'सीमेक --इन्स्टॉल बिल्ड'. आर्म मॅकवर चहा होईपर्यंत आटोपते.

लगेच तपासा. २५०६ च्या बिन मधला 'सीएसटूसीएस' चालवून ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांश) वरून ईपीएसजी ३२६४३ (मीटर) कडे, म्हणजे एका निर्देशांक पद्धतीच्या क्रमांकावरून दुसऱ्याकडे, बेळगावचा बिंदू न्या: १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. निकाल पूर्वेकडे सुमारे ४,४६,४६३ आणि उत्तरेकडे सुमारे १७,५२,४०७ मीटर यायला हवा. ३२६४३ म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या जागतिक पद्धतीचा ४३ वा पट्टा, ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमधला. सगळा बेळगाव जिल्हा याच पट्ट्यात येतो आणि पट्ट्याची मध्यरेषा, ७५ पूर्व, जिल्ह्यातूनच जाते. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीचे आकडे ५ लाखांच्या आत येतात आणि सौंदत्ती, रामदुर्गचे बाहेर. ही गोष्ट डोक्यात पक्की असली की आकड्याकडे नजर टाकताच चूक कळते.

'इन्फ' म्हणजे अनंत, किंवा विचित्र आकडा आला तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. प्रोज ६ आणि जीडॅल ३ पासून, दोन्ही २०१९ मधल्या, ईपीएसजी ४३२६ चा क्रम आधी अक्षांश मग रेखांश असा काटेकोर झाला. फोनच्या अ‍ॅपमधून निघालेल्या सीएसव्हीत बऱ्याचदा रेखांश आधी असतो. बेळगाव तसे उलटले की ते ७४.५ उत्तर, १५.८५ पूर्वेवर, स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडते. असे झाले तर बांधणीला दोष देऊ नका, बांधणी बरोबर आहे.

जिऑस

यात सांगण्यासारखे फारसे नाही. तेच पाच पर्याय, तीच पद्धत. झाल्यावर 'जिऑस-कॉन्फिग --व्हर्जन' पाहा आणि पुढे चला.

जीडॅल

खरा वेळ इथे घालवायचा. जीडॅल ३.५ मध्ये सीमेक आला आणि ३.६ मध्ये जुनी पद्धत गेली. सीमेक मॅकवर जे जे सापडेल ते जोडून घेतो. होमब्रूमध्ये पॉपलर पडलेले असेल तर पॉपलर, अ‍ॅरो असेल तर अ‍ॅरो. त्या दिवशी छान वाटते. दोन महिन्यांनी होमब्रू अपडेट होते, पॉपलरचा क्रमांक बदलतो आणि जीडॅल उघडताच 'लायब्ररी नॉट लोडेड' म्हणून बंद पडते. कधीही न लागणाऱ्या पीडीएफच्या सोयीमुळे सगळे काम थांबते.

म्हणून उलट दिशेने जा. जीडॅल_यूज_एक्स्टर्नल_लिब्स ऑफ करा आणि हव्या त्याच लायब्ररी नाव घेऊन ऑन करा. हा पर्याय पहिल्याच वेळी द्यावा लागतो. एकदा सीमेकची कॅश फाइल तयार झाली की नंतर दिलेला उपयोगी पडत नाही, तेव्हा बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा सुरू करणे सोपे.

ऑन करायच्या त्या अशा. जिऑस, कारण तिच्याशिवाय बफर आणि आकारांची काटछाट होत नाही. एसक्यूलाइट३, कारण ती नसेल तर जिओपॅकेज (नकाशाच्या डेटाचे फाइल स्वरूप) उघडत नाही. ही चूक लोकांच्या हमखास हातून होते. एक्स्पॅट, कारण फोनमधून आलेल्या जीपीएक्स आणि केएमएल फायली तिच्या आधाराने वाचल्या जातात, आणि शेतात फिरून घेतलेली हद्द याच स्वरूपात हाती येते. कर्ल, दूरचा डेटा वाचण्यासाठी. ओपनजेपेग, सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांसाठी.

टिफ आणि जिओटिफ मात्र जीडॅलच्या पोटातलीच घ्या: जीडॅल_यूज_टिफ_इंटर्नल आणि जीडॅल_यूज_जिओटिफ_इंटर्नल ऑन. कारण समजून घेण्यासारखे आहे. होमब्रूची लिबजिओटिफ होमब्रूच्या प्रोजवर बांधलेली असते. ती जोडली की एकाच प्रोग्राममध्ये दोन प्रोज येतात, एक आपली आणि एक पाहुणी. स्पॅशियालाइटचेही हेच, ती होमब्रूची प्रोज आणि जिऑस दोन्ही ओढून आणते. ती बंदच ठेवा, किंवा हवीच असेल तर याच प्रीफिक्समध्ये स्वतः बांधून घ्या.

दोन प्रोज एकत्र आल्याचे लक्षण ठरलेले असते. पडद्यावर येते की 'प्रोज.डीबी' मधला डेटाबेस लेआउटचा क्रमांक अमुक आहे, त्याहून मोठा अपेक्षित आहे आणि ही फाइल दुसऱ्या प्रोजची आहे. प्रोज.डीबी म्हणजे सगळ्या ईपीएसजी क्रमांकांची वही. वही एका आवृत्तीची आणि वाचणारा दुसऱ्या आवृत्तीचा असा प्रकार. तेव्हा आधी प्रोज_लिब आणि प्रोज_डेटा ही सेटिंग कुठे शिल्लक आहेत का ते पाहा, मग 'ओटूल -एल' ने जीडॅलच्या लायब्ररीची यादी काढा. यादीत कुठेही होमब्रूच्या फोल्डरातली प्रोज दिसली तर पुन्हा बांधणे हाच उपाय. प्रोज.डीबी इकडून तिकडे कॉपी करून एरर गेल्यासारखा वाटतो, पण रूपांतरात चूक राहू शकते आणि ती दिसत नाही. नकाशाच्या कामात यापेक्षा वाईट काही नाही.

पायथन जोडायचा असेल तर क्रम पाळा. होमब्रूच्या पायथनमध्ये थेट पिप (पायथनची पॅकेजे घालणारे साधन) चालवले की तो 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार देतो. ते बरोबरच आहे. २५०६ फोल्डरातच एक व्हेन्व्ह (पायथनचे वेगळे वातावरण) करा, चालू करा आणि त्यात आधी नमपाय (गणिताचे पॅकेज) आणि सेटअपटूल्स घाला. पायथन ३.१२ पासून व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाहीत. नमपाय नसताना बांधले तरी तक्रार येत नाही, पण जीडॅल-अ‍ॅरे हा भाग तयारच होत नाही आणि पुढे 'जीडॅल_कॅल्क' चालवताना इम्पोर्ट एरर येतो. तेव्हा पिपने नमपाय टाकून काही होत नाही, पायथनचा भाग पुन्हा बांधावा लागतो. सीमेकला बिल्ड_पायथन_बाइंडिंग्ज ऑन आणि जीडॅल_पायथन_इन्स्टॉल_प्रीफिक्समध्ये व्हेन्व्हचा पाथ द्या.

सीमेक संपला की लगेच बिल्डला हात घालू नका. शेवटी तो जोडलेल्या लायब्ररींचा आणि ड्रायव्हरांचा गोषवारा छापतो. तो ओळ न ओळ वाचा. प्रोज कुठल्या पाथवरची सापडली, जिओपॅकेज, जीपीएक्स, जेपी२ यादीत आहेत का. इथली पाच मिनिटे पुढचा तास वाचवतात.

८ जीबी रॅमच्या मॅकवर '-जे ४' पेक्षा जास्त कामे एकदम लावू नका, सी प्लस प्लसच्या मोठ्या फायली मेमरी खातात आणि मॅक स्वॅपमध्ये अडकतो. नव्या मॅकवर जीडॅल साधारण १० ते २० मिनिटांत होते, जुन्या दोन कोअरच्या इंटेलवर तासभर किंवा जास्त धरा. कमांडच्या आधी 'कॅफिनेट -आय' लिहिले की मध्येच मॅक झोपत नाही.

पावसाळ्यात घाटमाथ्याच्या बाजूला वीज कधी जाईल सांगता येत नाही. मॅकबुकला बॅटरी असते, पण मॅक मिनी किंवा आयमॅक असेल तर इन्व्हर्टरवर घेऊनच बिल्ड लावा. मध्येच बंद पडले तर निंजा (बिल्ड चालवणारे साधन) राहिलेल्या जागेपासून पुढे जातो. मात्र त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल कोरी राहू शकते आणि शेवटी लिंकर 'फाइल रिकामी आहे' म्हणतो. ती एक फाइल पुसून पुन्हा बिल्ड दिले की पुरते. कुठली ते कळत नसेल तर सगळा बिल्ड फोल्डर पुसा.

आयकॉन्व्ह या अक्षरांचे संकेत बदलणाऱ्या लायब्ररीवरूनही एक एरर वारंवार दिसतो, 'अंडरस्कोर लिबआयकॉन्व्ह सापडत नाही' असा. मॅकची स्वतःची आयकॉन्व्ह आणि होमब्रू-मॅकपोर्ट्सची लिबआयकॉन्व्ह यांत फंक्शनची नावे वेगळी असतात. हेडर एकीचा आणि लायब्ररी दुसरीची घेतली गेली की असे होते. सीमेकला दोन्ही पाथ मॅकच्या एसडीकेतले (अ‍ॅपलच्या हेडर-लायब्ररींच्या संचातले) द्या. ही लायब्ररी वगळू नका, जुन्या फायलींतली कन्नड-मराठी नावे नीट वाचायला ती लागते.

नावांचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे सांगतो. इथल्या डेटात एकाच गावाचे कन्नड नाव एका रकान्यात आणि मराठी दुसऱ्यात ठेवावे लागते. शेपफाइल या जुन्या स्वरूपात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. 'गाव' या शब्दात ग, काना आणि व अशी तीन चिन्हे, म्हणजे ९ बाइट. तो कसाबसा बसतो, 'तालुका' बसत नाही, मध्येच तुटतो. म्हणून काम जिओपॅकेजमध्येच ठेवा आणि शेपफाइल कुणी मागितली तरच काढून द्या.

ग्रास

ग्रासचा ८.४ चा सोर्स अजून कॉन्फिगर आणि मेक पद्धतीचा आहे. त्याला जीडॅलसाठी २५०६ मधल्या 'जीडॅल-कॉन्फिग' चा आणि जिऑससाठी 'जिऑस-कॉन्फिग' चा पूर्ण पाथ द्यायचा. प्रोजसाठी तीन पाथ वेगवेगळे लागतात: इन्क्लूड, लिब आणि शेअर-प्रोज. तिसरा विसरला जातो. शिवाय एक्स विंडो बंद, ओपनजीएल 'अ‍ॅक्वा', आणि कैरो, फ्रीटाइप, एफएफटीडब्ल्यू, एसक्यूलाइट चालू. व्हेन्व्ह चालू असतानाच हे सगळे करा. डब्ल्यूएक्सपायथन ज्या पायथनमध्ये आहे त्याच पायथनने ग्रास चालायला हवे, नाहीतर खिडकी उघडतच नाही. तो पायथन ग्रास_पायथन या सेटिंगने नेमून देता येतो.

मेक संपल्यावर 'एरर' च्या ओळी शोधत वर स्क्रोल करू नका. कुठले मॉड्यूल अडले याची यादी सोर्स फोल्डरातल्या 'एरर डॉट लॉग' मध्ये असते. त्या मॉड्यूलच्या फोल्डरात जाऊन तिथेच पुन्हा 'मेक' द्या, म्हणजे त्याच्यापुरता एरर स्वच्छ दिसतो. यादीत ५० मॉड्यूल असली तरी घाबरू नका. सहसा एक लायब्ररी पडलेली असते आणि बाकीची तिच्यामागे.

चाचणीसाठी आपल्याकडेच उत्तम जागा आहे. एसआरटीएमचा एन१५ई०७४ हा उंचीचा तुकडा घ्या. तो १५ ते १६ उत्तर आणि ७४ ते ७५ पूर्व भागाचा, ३६०१ बाय ३६०१ पिक्सेलचा असतो आणि त्यात बेळगाव-खानापूर दोन्ही येतात. निपाणीसाठी वरचा एन१६ई०७४ लागतो. 'जीडॅलवार्प' ने तो ३२६४३ मध्ये ३० मीटर पिक्सेलवर न्या, बायलिनियर पद्धतीने, कारण नियरेस्ट वापरले तर उंचीत पायऱ्या पडतात आणि ओढे वेडेवाकडे निघतात. मग '--टीएमपी-प्रोजेक्ट' ने ३२६४३ चा तात्पुरता प्रोजेक्ट उघडा, 'आर.इन.जीडॅल' ने तुकडा आत घ्या, 'जी.रीजन' ने गणिताचे क्षेत्र त्याला जुळवा आणि 'आर.वॉटरशेड' चालवा. जी.रीजन विसरले तर ग्रास एखाद्या पिक्सेलपुरतेच गणित करून मोकळे होते आणि एररही देत नाही.

बांधणी बरोबर असेल तर कणकुंबीजवळून निघणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेच्या बाजूला वाहताना दिसली पाहिजे, आणि थोड्याच अंतरावर खानापूर तालुक्यातच उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. मधली पाणलोटाची धार नकाशावर उमटली की प्रोज, जीडॅल, ग्रास तिघांनी एकमेकांचे ऐकले असे समजायला हरकत नाही.

दुसरी चाचणी क्षेत्रफळाची. ज्याची मोजणी माहीत आहे असा सर्व्हे नंबर जिओपॅकेजमध्ये घ्या, 'ओजीआरटूओजीआर' ने ३२६४३ मध्ये न्या आणि ओजीआर एसक्यूएलमधून 'ओजीआर_जिओम_एरिया' मागा. यासाठी स्पॅशियालाइट लागत नाही. आलेल्या चौरस मीटरना १०१.१७ ने भागले की गुंठे आणि ४०४६.८६ ने भागले की एकर. तेच क्षेत्र वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये मोजले तर बेळगावच्या अक्षांशावर साडेआठ टक्क्यांहून थोडे जास्त भरते, एकरामागे जवळजवळ साडेतीन गुंठे. बांधाच्या वादात एवढा फरक फार होतो. ३२६४३ मध्ये हीच चूक एकराला ३ चौरस मीटरच्या आसपास राहते.

जुन्या टोपोशीटवरून हद्द घेत असाल तर आणखी एक सांभाळा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट, खानापूर-बेळगावकडच्या ४८ आय आणि निपाणीकडच्या ४७ एल, एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती रूप) आहेत, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस८४ वर नाहीत. स्कॅन बसवताना ३२६४३ असे थेट ठोकून दिले तर सगळे शंभर मीटरहून जास्त सरकू शकते. 'प्रोजइन्फो' ला कालियानपूर १९७५ वरून डब्ल्यूजीएस८४ कडचे पर्याय विचारा. तो प्रत्येक पर्यायाची अचूकता मीटरमध्ये आणि लागू होणारा प्रदेश सांगतो. त्यातला भारताच्या भूभागासाठीचा पर्याय निवडा.

अपग्रेड

जुन्यावर नवे कधीही बसवू नका. नवी आवृत्ती म्हणजे नवा फोल्डर, जसे २५१२, आणि त्यात खालून वर पुन्हा तीच बांधणी. प्रोज बदलली की जीडॅल आणि ग्रास दोन्ही पुन्हा बांधायची. जीडॅल बदलली की ग्रास आणि पायथनचा भाग, कारण पायथनचा भाग आणि जीडॅल यांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. जिऑसचे सी इंटरफेस आवृत्त्यांमध्ये स्थिर राहते, म्हणून तिच्या छोट्या बदलासाठी वरचे पाडायची गरज नसते. तरीही नवा फोल्डर करतोच आहोत तर सगळेच बांधून घ्यावे.

'चालू' नावाची एक सिम्बॉलिक लिंक ठेवा, ती २५०६ किंवा २५१२ कडे दाखवते, आणि शेलच्या पाथमध्ये फक्त या लिंकचा बिन लिहा. नव्यात काही बिघडले तर लिंक मागे फिरवायची, दहा सेकंदांचे काम. मात्र प्रीफिक्स आणि आरपाथमध्ये ही लिंक कधीच लिहू नका, खरा फोल्डरच लिहा. तिथे लिंक लिहिली तर ती फिरवल्याबरोबर जुनी जीडॅल नवी प्रोज उचलते, आणि ज्यासाठी वेगवेगळे फोल्डर केले तोच हेतू मोडतो.

मॅकओएसचे मोठे अपडेट घेतल्यावर 'एक्सकोडरन' कडून 'इनव्हॅलिड अ‍ॅक्टिव्ह डेव्हलपर पाथ' असा एरर आला तर कमांड लाइन टूल्स पुन्हा घालायची. त्यानंतर जुने बिल्ड फोल्डर वापरू नका, त्यांच्या कॅशमध्ये जुन्या एसडीकेचा पाथ लिहिलेला असतो. बांधून झालेले फोल्डर मात्र सहसा चालत राहतात.

होमब्रूला मोकळे सोडू नका. 'ब्रू अपग्रेड' आपण म्हणू तेव्हाच, आणि हातातले काम पोचते झाल्यावर. पायथन, ओपनजेपेग, लिबटिफ यांना 'ब्रू पिन' लावा. पायथन ३.१२ वरून ३.१३ वर गेला की व्हेन्व्ह आणि जीडॅलचा पायथन भाग दोन्ही निकामी होतात.

एखाद्या लायब्ररीचा पाथ 'इन्स्टॉल_नेम_टूल' ने हाताने बदलला आणि प्रोग्राम 'किल्ड: ९' म्हणून मरू लागला तर आर्म मॅकवर त्या फाइलची सही मोडली आहे. 'कोडसाइन --फोर्स --साइन' आणि त्यापुढे एक डॅश देऊन तिच्यावर पुन्हा सही करा.

नव्या फोल्डरात बेळगावचा बिंदू, मलप्रभेचा पाणलोट आणि ओळखीच्या सर्व्हे नंबरचे गुंठे, या तिन्ही चाचण्या पुन्हा घ्या आणि आकडे जुन्यांशेजारी लिहा. फरक सेंटिमीटरचा असेल तर लिंक फिरवा. मीटरचा असेल तर फिरवू नका. नव्या प्रोजने रूपांतराचा वेगळा पर्याय निवडला असण्याची शक्यता जास्त, आणि ते 'प्रोजइन्फो' दोन्ही फोल्डरांतून चालवून समोरासमोर ठेवले की दिसते. जुना फोल्डर त्यावर केलेले नकाशे ज्यांना दिले त्यांचे काम संपेपर्यंत तसाच राहू द्या.